वेक्टर स्पेसच्या सिद्धता अडतात तेव्हा मदत कशी मागावी

बी.एस्सी.च्या वर्गात लिनिअर अल्जिब्रा सुरू होते तेव्हा पहिले काही आठवडे समीकरणे सोडवण्यात आणि मॅट्रिक्सच्या ओळी शून्य करत नेण्यात जातात, आणि त्या कामावर हात बसतो. मग एके दिवशी फळ्यावर वेक्टर स्पेसची, म्हणजे ज्यातील घटकांची बेरीज करता येते आणि त्यांना संख्येने गुणता येते अशा संचाची, व्याख्या येते, तिच्यातील नियमांची लांबलचक यादी वहीत उतरवली जाते आणि त्या दिवसापासून स्वाध्यायातील प्रश्न ‘किंमत काढा’ असे न म्हणता ‘सिद्ध करा’ असे म्हणू लागतात. पेडणे, डिचोली किंवा सत्तरीतील मराठी प्राथमिक शाळेतून पुढे इंग्रजी माध्यमात गेलेला आणि आता पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या कॉलेजात शिकणारा विद्यार्थी या वळणावर हमखास गप्प होतो. आकडेमोड त्याला उत्तम येत असते. परंतु सिद्धतेची पहिली ओळ कोणती लिहायची हेच त्याला कळत नाही, आणि ‘मला काहीच कळले नाही’ हे वर्गात उभे राहून सांगायला जीभ वळत नाही.

हा लेख अशा विद्यार्थ्यासाठी आहे. मदत करणारी माणसे गोव्यात कमी नाहीत. ‘काहीच कळले नाही’ एवढेच सांगणाऱ्याला मदत करायची कोठून, हे मात्र चांगल्या शिक्षकालाही समजत नाही. आपण नेमके कोणत्या ओळीवर अडलो आहोत हे ज्याला सांगता येते, त्याला मदत दोन मिनिटांत मिळते, आणि पुष्कळदा ती ओळ शोधता शोधताच अडचण सुटते. म्हणून मदत कोणाकडे मागायची याच्या आधी ती मागण्याची तयारी कशी करायची ते पाहू.

कागदावर आधी काय हवे

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्नात आलेल्या प्रत्येक पारिभाषिक शब्दाची पूर्ण व्याख्या, आठवणीतून नव्हे तर पुस्तक उघडून, शब्द न शब्द लिहून काढावी. हे कंटाळवाणे वाटते, पण या विषयातील सुरुवातीच्या बहुतेक सिद्धता व्याख्या उलगडण्यातूनच तयार होतात. त्यासाठी वेगळी युक्ती सुचावी लागत नाही, आणि तरीही विद्यार्थी युक्तीच्या शोधात तासभर बसून राहतात.

व्याख्या अर्धवट आठवली की काय होते याचे एक उदाहरण देतो. लिनिअर इंडिपेंडन्सची व्याख्या विचारली असता अनेक जण असे लिहितात: ‘अ आणि ब शून्य असतील तेव्हा अप + बफ = शून्य वेक्टर.’ येथे प आणि फ हे वेक्टर आहेत, अ आणि ब हे स्केलर, म्हणजे संख्या. हे विधान खोटे नाही, पण ते जगातील कोणत्याही दोन वेक्टरांविषयी खरे आहे. त्याने इंडिपेंडन्स सांगितलाच जात नाही. व्याख्या उलट दिशेने जाते: अप + बफ = शून्य वेक्टर असे जेव्हा जेव्हा होईल, तेव्हा अ = ० आणि ब = ० असलेच पाहिजेत. या दोन वाक्यांतील फरक ज्याच्या मनात पक्का झाला, त्याला इंडिपेंडन्सच्या प्रत्येक सिद्धतेची पहिली ओळ आपोआप मिळते. ती ओळ अशी: ‘समजा, अप + बफ = शून्य वेक्टर आहे.’ शेवटची ओळही ठरलेलीच असते: ‘म्हणून अ = ० आणि ब = ०.’ राहतो तो फक्त मधला भाग, आणि मदत मागायची ती त्या मधल्या भागासाठी.

दुसरी गोष्ट, पानाच्या वरच्या बाजूला ‘दिलेले’ आणि तळाशी ‘सिद्ध करायचे’ असे लिहून मधे जागा मोकळी सोडावी. शाळेत भूमितीला पक्ष आणि साध्य असे लिहीत होतो, तीच ही शिस्त; कॉलेजात आल्यावर ती सोडून देण्याचे काहीच कारण नाही. ‘सिद्ध करायचे’ या ओळीचीही व्याख्येप्रमाणे फोड करावी. ‘म ही सबस्पेस आहे’ एवढ्यावर थांबू नये. म रिक्त नाही, म मधील कोणत्याही दोन वेक्टरांची बेरीज म मध्येच राहते, आणि म मधील वेक्टरला कोणत्याही स्केलरने गुणले तरी गुणाकार म मध्येच राहतो, असे तीन तुकडे लिहावेत. एका मोठ्या भीतीच्या जागी तीन लहान कामे येतात.

तिसरी गोष्ट म्हणजे एक ठोस उदाहरण. अमूर्त विधान समोर आले की ते आधी प्रतलात, म्हणजे दोन घटकांच्या वेक्टरांवर, करून पाहावे. विधान खोटे असण्याची शक्यता वाटली तर ते मोडणारे उदाहरण शोधावे. बरोबर दोन घात असलेल्या सर्व बहुपदी मिळून सबस्पेस होते का? क्ष² घ्या आणि −क्ष² + क्ष घ्या. दोन्ही दोन घाताच्या आहेत, पण बेरीज क्ष येते आणि ती एकाच घाताची आहे. उत्तर एका ओळीत मिळाले. ‘जास्तीत जास्त दोन घात’ असे म्हटले, आणि शून्य बहुपदीही त्यात धरली, तर मात्र सबस्पेस होते. हे दोन्ही करून पाहिलेल्या विद्यार्थ्याला बेरजेखाली बंद असणे म्हणजे काय हे पुन्हा सांगावे लागत नाही.

उदाहरणे निवडताना केवळ बाणांची चित्रे असलेली उदाहरणे घेऊ नयेत. धन वास्तव संख्यांचा संच घ्या. त्यात दोन संख्यांची ‘बेरीज’ म्हणजे त्यांचा नेहमीचा गुणाकार, आणि स्केलरने ‘गुणणे’ म्हणजे तेवढा घात करणे, असे ठरवा. वास्तव संख्यांवरची ही खरीखुरी वेक्टर स्पेस आहे. तिच्यातील शून्य वेक्टर म्हणजे १ ही संख्या, आणि ५ चा विरुद्ध वेक्टर म्हणजे एक पंचमांश. एकेक नियम या उदाहरणात तपासून पाहण्यात एक संध्याकाळ गेली तरी ती सत्कारणी लागते, कारण येथे सवयीने काहीच मान्य करता येत नाही आणि प्रत्येक वेळी व्याख्येकडेच जावे लागते. फंक्शन्सच्या स्पेसही अशाच लवकर ओळखीच्या करून घ्याव्यात. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी इतिहासकार म्हणून आपल्याला ठाऊक आहेत, पण ते मुळात गणिती होते, आणि १९४३ सालचा त्यांचा एक महत्त्वाचा शोधनिबंध फंक्शन स्पेसमधील संख्याशास्त्रावर आहे. फंक्शनकडे एक वेक्टर म्हणून पाहण्याची ही दृष्टी पहिल्याच सत्रात येते.

‘हे तर उघडच आहे’ अशा सिद्धता

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो उघड वाटणाऱ्या विधानांवर. ० या स्केलरने कोणत्याही वेक्टरला गुणले तर शून्य वेक्टर मिळतो, हे सिद्ध करा, असा प्रश्न येतो आणि विद्यार्थी विचारतो की यात सिद्ध करायचे काय. येथे दोन शून्ये आहेत हे आधी ध्यानात घ्यावे: एक स्केलरांमधील ०, आणि दुसरा वेक्टर स्पेसमधील शून्य वेक्टर, ज्याला आपण शू म्हणू. व्याख्येतील नियमांत या दोघांचा संबंध कोठेही सांगितलेला नाही. तो आपल्याला जोडायचा आहे.

सिद्धता अशी: ०·प = (० + ०)·प = ०·प + ०·प. पहिली पायरी संख्यांच्या गुणधर्माने, दुसरी वितरण नियमाने. आता दोन्ही बाजूंत ०·प चा विरुद्ध वेक्टर मिळवला की डावीकडे शू राहतो आणि उजवीकडे ०·प राहतो. म्हणून ०·प = शू. (उजवीकडे साहचर्य नियम आणि शून्य वेक्टरचा नियम वापरला, हेही लिहावे.) अशा सिद्धतेत मदत मागताना ‘उत्तर काय’ असे विचारून उपयोग नसतो, कारण उत्तर प्रश्नातच आहे. ‘प्रत्येक बरोबरच्या चिन्हापाशी मी कोणता नियम वापरला हे लिहिले आहे, त्यातले एखादे चुकले आहे का?’ असे विचारावे. ज्या चिन्हाखाली नियमाचे नाव लिहिता येत नाही, तेथे सिद्धतेत भोक आहे, आणि हे भोक आपले आपल्यालाच सापडते.

प्रश्न कसा मांडावा

आता अडण्याचा एक खरा प्रसंग घेऊ. प्रश्न असा आहे: म आणि न या एकाच वेक्टर स्पेसच्या सबस्पेस आहेत, त्यांचा संयोग हीदेखील सबस्पेस असेल, तर म आणि न यांपैकी एक दुसरीत सामावलेली आहे, असे सिद्ध करा. पानाचा फोटो काढून ‘सर, हे कसे करायचे?’ असा संदेश पाठवला तर शिक्षकापुढे दोनच मार्ग उरतात: सगळी सिद्धता लिहून देणे, किंवा ‘उद्या भेट’ म्हणणे. पहिल्याने शिकणे होत नाही, दुसऱ्याने दिवस जातो.

त्याऐवजी संदेश असा असावा: ‘सर, नमस्कार. दोन सबस्पेसच्या संयोगाचा स्वाध्यायातील प्रश्न करतो आहे. प्रतलात दोन अक्ष घेऊन पाहिले. (१, ०) आणि (०, १) यांची बेरीज (१, १) कोणत्याच अक्षावर येत नाही, म्हणून संयोग सबस्पेस होत नाही, हे समजले. सर्वसाधारण सिद्धतेसाठी असे मानले की म ही न मध्ये सामावलेली नाही आणि न ही म मध्ये सामावलेली नाही. म्हणून म मध्ये असलेला पण न मध्ये नसलेला प, आणि न मध्ये असलेला पण म मध्ये नसलेला फ असे दोन वेक्टर घेतले. प + फ संयोगात आहे हेही मिळाले. येथून विसंगती कशी काढावी ते सुचत नाही. पूर्ण उत्तर नको, फक्त पुढे कोठे पाहू एवढे सांगाल का?’

या संदेशाला एका ओळीचे उत्तर पुरते: ‘प + फ संयोगात आहे म्हणजे तो नेमका कोठे आहे?’ एवढे विचारल्यावर विद्यार्थ्याच्या लक्षात येते की तो म मध्ये असेल किंवा न मध्ये असेल. म मध्ये असेल, तर त्यातून प वजा केल्यावर उरणारा फही म मध्येच असला पाहिजे, कारण म सबस्पेस आहे. पण फ तर म मध्ये नाही असे आपणच घेतले होते. न मध्ये असेल तर हाच युक्तिवाद प साठी. सिद्धता संपली, आणि ती विद्यार्थ्याची स्वतःची झाली. विचारणाऱ्याने आपले काम दाखवले की सांगणाऱ्यालाही आनंद होतो. मराठीत विचारावे की इंग्रजीत याची काळजी करू नये. वेक्टर, स्पेस, बेसिस हे शब्द तसेच ठेवून बाकीचे वाक्य ज्या भाषेत विचार स्पष्ट होतो त्या भाषेत लिहावे. परीक्षेची उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची असली तरी आधी मराठीत किंवा कोंकणीत नीट मांडता आलेला युक्तिवाद इंग्रजीत नेणे कठीण नसते.

कोणाकडे जावे

पहिला हक्क आपल्या शिक्षकांवर. तास संपल्यावर लगेच, टेबलाभोवती गर्दी असताना विचारण्यापेक्षा, ‘मॅडम, आज कोणत्या वेळी मोकळ्या असाल?’ असे आधी विचारून वही घेऊन जावे. परतीची कदंबची (गोव्याच्या राज्य परिवहनाची) बस ठरावीक वेळी असते आणि ती चुकली तर घरी पोचायला रात्र होते, ही अडचण दूरच्या गावांतील मुलांना खरोखर असते. ती शिक्षकांना मोकळेपणाने सांगितली तर मधल्या सुटीतील वेळ बहुधा मिळतो. ट्यूटोरियलच्या तासाला प्रश्न तयार ठेवून जावे, कारण हा तास त्यासाठीच असतो आणि पुष्कळदा तो नुसता उतरवून घेण्यात वाया जातो.

वर्गमित्रांबरोबर बसणे हा दुसरा मार्ग. तिघाचौघांनी बसावे, एकाने उभे राहून सिद्धता सांगावी, आणि बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला ‘का?’ असे विचारावे. सांगणारा जेथे ‘ते असेच असते’ म्हणतो, तेथे थांबावे. गणितात एम.एस्सी. करणारी एखादी ताई किंवा दादा गावात असेल, गोवा विद्यापीठात ताळगावच्या पठारावर जात असेल, तर त्यांनाही विचारावे. हे सगळे त्यांनी नुकतेच ओलांडलेले असते, त्यामुळे आपण कोठे अडखळतो ते त्यांना चटकन कळते. शिकवणीबद्दल मात्र एक स्पष्ट मत मांडतो: जेथे सिद्धतांच्या तयार झेरॉक्स प्रती वाटून त्या पाठ करायला सांगतात, तेथे जाऊ नये. प्रश्नातील एक अट बदलली की पाठ केलेली सिद्धता निरुपयोगी होते.

ग्रंथालयाचा उपयोग वेगळ्या रीतीने करावा. पणजीला पाटो भागात असलेले कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालापासूनचे आहे, आणि तेथे शांतपणे बसता येते. तेथे किंवा आपल्या कॉलेजाच्या ग्रंथालयात लिनिअर अल्जिब्राची दोन वेगवेगळी पुस्तके शेजारी उघडून एकच व्याख्या दोन्हींत वाचावी. एक पुस्तक म्हणते की सबस्पेस रिक्त नसावी. दुसरे म्हणते की तिच्यात शून्य वेक्टर असावा. दोन व्याख्या भिन्न दिसतात म्हणून विद्यार्थी घाबरतो. पण वर सिद्ध केलेले ०·प = शू येथे कामी येते: संच रिक्त नसेल तर त्यात एखादा प आहे, आणि स्केलर गुणाकाराखाली तो बंद असल्यामुळे ०·प, म्हणजेच शू, त्यात आहेच. दोन्ही व्याख्या एकच ठरल्या. एका पुस्तकातून हे कळले नसते.

एनपीटीईएल आणि स्वयम् या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या सरकारी संकेतस्थळांवर आयआयटीसारख्या संस्थांतील प्राध्यापकांची लिनिअर अल्जिब्रावरील व्याख्याने विनामूल्य उपलब्ध आहेत. ती ऐकताना प्रमेयाचे विधान आले की चित्रफीत थांबवावी, व्याख्या लिहाव्यात, पहिली ओळ स्वतः लिहून पाहावी आणि मगच पुढे ऐकावे. सलग पाहत गेले की सगळे समजल्यासारखे वाटते, आणि कोऱ्या कागदापुढे बसल्यावर काहीच हाताशी राहत नाही.

मोबाइलवरच्या चॅटबॉटचा वापर आता सर्वच करतात, तेव्हा त्याविषयीही सांगायला हवे. त्याला ‘सिद्धता दे’ असे न म्हणता आपली लिहिलेली सिद्धता देऊन ‘पहिली चूक कोणत्या ओळीत आहे तेवढे सांग, दुरुस्त करू नकोस’ असे सांगावे. तो जे सांगेल तेही व्याख्येवर घासून पाहावे, कारण चुकीची गोष्टही तो तितक्याच ठामपणे सांगू शकतो. आणखी एक धोका आहे. एखाद्या स्पेसच्या कोणत्याही दोन बेसिसमध्ये (बेसिस म्हणजे संपूर्ण स्पेस तयार करणारा इंडिपेंडंट वेक्टरांचा संच) वेक्टरांची संख्या सारखीच असते हे सिद्ध करायला सांगितले, आणि उत्तरात ‘दोन्हींतील वेक्टरांची संख्या डायमेन्शनइतकी आहे’ असे आले, तर ती सिद्धता नाही. डायमेन्शन म्हणजे बेसिसमधील वेक्टरांची संख्या, आणि ही व्याख्याच या प्रमेयावर उभी आहे. वर्गात अजून न झालेले प्रमेय वापरले गेले आहे का, हे आपणच तपासायचे असते.

उत्तर मिळाल्यावर

मदत मिळाली, सिद्धता समजली, की वही मिटावी आणि दुसऱ्या दिवशी ती कोऱ्या कागदावर पुन्हा लिहावी. जेथे हात थांबेल ती ओळ अजून आपली झालेली नाही. त्यानंतर दिलेल्या अटींपैकी प्रत्येक अट कोठे वापरली गेली ते रंगीत पेनने खूण करून पाहावे. एखादी अट कोठेच वापरलेली नसेल तर बहुधा सिद्धता चुकली आहे.

हे करून पाहण्यासाठी एक छान प्रश्न आहे. प, फ, भ हे तीन वेक्टर लिनिअरली इंडिपेंडंट असतील, तर प + फ, फ + भ, भ + प हेदेखील इंडिपेंडंट आहेत, असे दाखवा. व्याख्येप्रमाणे सुरुवात करू: समजा, अ(प + फ) + ब(फ + भ) + क(भ + प) = शू. पदे एकत्र केल्यावर (अ + क)प + (अ + ब)फ + (ब + क)भ = शू असे मिळते. मूळचे तीन वेक्टर इंडिपेंडंट असल्यामुळे अ + क = ०, अ + ब = ० आणि ब + क = ०. पहिल्या दोहोंची बेरीज करून तिसरे वजा केले की २अ = ०, म्हणून अ = ०, आणि मग ब व क हेही शून्य.

आता ‘२अ = ०, म्हणून अ = ०’ या पायरीवर बोट ठेवा. येथे आपण २ ने भागले. स्केलर वास्तव संख्या असतील तर ते चालते. पण ज्या फील्डमध्ये (म्हणजे ज्यातून स्केलर घेतात त्या संख्यासंचात) ० आणि १ असे दोनच घटक आहेत, तेथे १ + १ = ० असते, म्हणजे २ हेच शून्य आहे, आणि तेथे हे विधानच खोटे ठरते: त्या तीन वेक्टरांची नुसती बेरीज केली तर प, फ आणि भ प्रत्येकी दोनदा येतात आणि बेरीज शू होते. प्रश्नात ‘वास्तव संख्यांवरची वेक्टर स्पेस’ असे लिहिलेले असेल, तर ते शब्द या एका पायरीसाठी आहेत. हे निरीक्षण वहीत टिपून शिक्षकांकडे घेऊन जावे आणि विचारावे की वर्गात झालेल्या प्रमेयांपैकी आणखी कोणती अशी आहेत, जी फील्ड बदलल्यावर टिकत नाहीत.